सहाचा कॅमेरा, बाराचा कॅमेरा

"माझ्या कळपात दीडशे मेंढरं हायत," खंडूमामा म्हणाले. "एकेकाला मी तोंडावरून ओळखतो. आन ह्या फोटोत माझी बायको मला ओळखू येऊन न्हाई राहिली."

त्यांनी लग्नाचा अल्बम काउंटरवर उघडून ठेवला. खंडूमामा हट्टा गावाच्या पलीकडच्या वस्तीवरचे मेंढपाळ. त्यांच्या लेकीच्या लग्नाचे फोटो आमच्या स्टुडिओनं काढले होते. मालक दिगंबरकाका स्वतः गेले होते.

काकांनी अल्बम डोळ्यांजवळ नेला. "मामा, कॅमेरा जुना झालाय. बदलून राहिलो आता."

"तुमी कॅमेरा बदलताल. मी लगीन कुठून पुन्हा लावू?"

मामा अल्बम तिथंच ठेवून गेले. माझी मान खालीच होती, कारण त्या अल्बमबद्दल मला जे माहीत होतं ते काकांना माहीत नव्हतं.

आधी माझं सांगतो. मी मूळचा चिपळूणकडचा. आठवीत शाळा सोडली. जत्रांमध्ये फोटोचा स्टॉल लावणाऱ्या एका माणसाबरोबर फिरायचो. पडद्यावर रंगवलेल्या विमानात लोकांना बसवून फोटो काढायचे, हे आमचं काम. असंच एका महाशिवरात्रीला औंढा नागनाथला आलो. जत्रा उठली आणि स्टॉलवाला मला न सांगता पुढं गेला. आमचे रोल धुवायला वसमतला काकांकडे यायचे, तेवढीच ओळख. मी त्यांच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. दोन दिवस राहा म्हणाले. मी सांगतोय ती गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. तोवर त्या दोन दिवसांची बारा वर्षं झाली होती. फोटो काढणं, कॉम्प्युटर, अल्बमचं डिझाइन, सगळं मी काकांकडे शिकलो.

म्हणून त्या वर्षी काकांचे फोटो जरा मऊ यायला लागले तेव्हा मी गप्प बसलो. कॉम्प्युटरवर फोटोच्या कडा टोकदार करायची सोय असते, तिला शार्पन म्हणतात. काका जेवायला घरी गेले की मी त्यांचे फोटो उघडायचो, एकेक करून शार्पन करायचो आणि मग लॅबला पाठवायचो. माझ्या मनात ती काकांची सेवा होती. हट्ट्याच्या लग्नाच्या वेळी मात्र आई आजारी होती, मी गावी गेलो होतो. आठ दिवसांनी परत आलो तर अल्बम माझ्या हाताखालून न जाता छापून आला होता.

कॅमेरा म्हातारा झालाय असं मलाही वाटत होतं. वाटून घेत होतो म्हणा.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या डीलरनं नवा कॅमेरा पाठवला. आमचा जुना सहा मेगापिक्सेलचा, नवा बाराचा. मेगापिक्सेल म्हणजे फोटो किती बारीक ठिपक्यांनी भरलाय त्याचा हिशेब. ठिपके जास्त तर फोटो मोठा छापता येतो. शुक्रवारपर्यंत वापरून बघा, पटला तर जुना द्या आणि हा ठेवा, असं ठरलं होतं.

"तू टेस्ट घे," काका मला म्हणाले. "दोन्ही बराबर तपास. तू सांगशील ते फायनल."

इतकी मोठी गोष्ट माझ्या शब्दावर कुणी सोडली नव्हती.

सकाळी मोंढ्यात गेलो. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्य-हळदीचा बाजार. एका अडत्याच्या ओट्यावर हळकुंडांचं उघडं पोतं होतं. त्याच्यासमोर स्टँड लावला. तीच लेन्स आधी जुन्याला, मग नव्याला. तोच उजेड, तेच अंतर. एवढं सारखं ठेवलं तरच तुलना खरी.

दुकानात येऊन फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठे केले. नव्यात हळकुंडावरची वळी न् वळी दिसत होती, बारकी मुळंसुद्धा. जुन्यात मुळं थोडी विरत होती, पण अल्बमच्या पानाएवढं छापलं तर कुणाला फरक कळला नसता. मग अडत्याच्या गोडाऊनमध्ये अंधारात काढलेले फोटो बघितले. उजेड कमी असला की कॅमेऱ्याची नजर वाढवावी लागते, त्याला आयएसओ म्हणतात. तो वाढवला की जुन्या कॅमेऱ्याचा फोटो रवा भुरभुरल्यासारखा दिसायचा. नव्याचा स्वच्छ. मांडवात काम करणाऱ्याला हा फरक मोठा आहे. मी वहीत लिहिलं, नवा चांगला.

लिहिलं आणि थांबलो. जुन्या कॅमेऱ्याचे माझे फोटो दाणेदार होते, पण मऊ एकही नव्हता. मग हट्ट्याचे मऊ कसे?

बुधवारी काका म्हणाले, "आण इकडं, मी पण हात मारून बघतो." मोंढ्यात जाऊन त्याच पोत्याचे त्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. कॅमेरा हातात घेतल्याबरोबर त्यांनी लेन्सवरचं बटण मॅन्युअलवर टाकलं. ऑटोफोकसमध्ये कॅमेरा स्वतः नेम धरतो, मॅन्युअलमध्ये आपण लेन्सची रिंग फिरवून धरायचा. काका रोलच्या काळातले. "नेम मशीनच्या हाती द्यायचा न्हाई," हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

ते फोटो उघडले. जुन्यात पोतं मऊ. नव्यातही मऊ. पण पोत्यामागं हातभर अंतरावर विटांची भिंत होती, ती दोन्हींत चांगली कोरल्यासारखी होती.

मी हट्ट्याच्या लग्नाचे फोटो उघडले. खंडूमामांच्या बायकोचा चेहरा धुरकट, आणि तिच्यामागच्या मांडवाच्या झालरीचा धागा न् धागा मोजून घ्यावा असा. कॅमेऱ्याला दिसत होतं. नेमच मागं जात होता.

मग आणखी एक आठवलं. ज्या भोकातून बघून फोटो काढतो, त्याच्या बाजूला एक बारकी चकती असते. चष्म्याच्या नंबरसारखी ती आपल्या डोळ्याला लावून घ्यायची. काकांच्या हातून कॅमेरा आला की ती चकती पार टोकाला गेलेली असायची. मी गुपचूप मध्ये आणायचो. किती महिने आणत होतो.

गुरुवार उजाडला. उद्या डीलरचा माणूस येणार. नवा घ्या म्हणालो असतो तर काकांनी घेतला असता, आणि पुढच्या लग्नात पुन्हा तेच झालं असतं. खरं बोललो तर? ज्या माणसानं मला फोटो काढायला शिकवलं, त्याला मी सांगायचं की तुमचा डोळा गेलाय? हे दुकान सोडून मला या मुलखात कुठं जायला जागा नव्हती.

शेवटी चार प्रिंट काढल्या. दोन माझ्या, दोन काकांच्या. काउंटरवर ओळीनं मांडल्या.

"काका, यातल्या नव्याच्या कोणत्या?"

त्यांनी एकेक उचलून दाराच्या उजेडात धरली. वाकडी केली, सरळ केली. "चारी सारख्याच दिसून राहिल्या रे. तुझी काय गंमत हाय का?"

"गंमत न्हाई काका. डावा डोळा झाका जरा."

त्यांनी हातातली प्रिंट खाली ठेवली. मग डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. कॅमेऱ्याला ते कायम उजवाच डोळा लावायचे.

"काय दिसतं?"

"उजेड हाय," ते हळूच म्हणाले. "दूध सांडल्यावानी. डाव्यानं जरा बरं, पण बारीक त्यानंबी न्हाई."

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून." त्यांनी हात काढला. "अर्धं ठावं होतं मला. अर्धं म्हणलं, कॅमेराच असंल. फोटोग्राफरनं डोळ्याची तकलीफ सांगावी कुणाला? गिऱ्हाईक उद्या दुसऱ्याकडं जातंय."

त्यांनी प्रिंट गोळा केल्या. "तू काहून दूर सरकून राहिलास?"

"तुमी रागवताल म्हणून."

"येडं लेकरू," ते म्हणाले, "शटर ओढ खाली. नांदेडची गाडी किती वाजता हाय बघ."

नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदू. चांगलाच पिकलेला. डीलरचा कॅमेरा परत गेला आणि पुढच्या आठवड्यात काकांचं ऑपरेशन झालं. तोवरची दोन लग्नं मी काढली, त्याच जुन्या कॅमेऱ्यानं. फोटो दाणेदार आले, पण माणसं ओळखू येत होती.

महिन्यानं आम्ही दोघं खंडूमामांच्या वस्तीवर गेलो. लेक माहेरी आली होती. लग्न पुन्हा लावता येत नाही, पण काकांनी आईला आणि लेकीला बाभळीच्या सावलीत बसवलं आणि फोटो काढला. मामींनी डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला. मामा म्हणाले, "आता काढून राहिलात तर बराबर काढा, ती पुन्हा बसायची न्हाई." काढायच्या आधी काकांनी स्वतःच्या बोटानं बटण ऑटोवर टाकलं. माझ्याकडे बघितलं नाही.

बाराचा कॅमेरा पुढच्या सीझनला घेतला. अंधाऱ्या मांडवात तो खरंच सरस निघाला. वहीत लिहिलं होतं तेवढाच, जास्त नाही.

त्याच्या आधी, ऑपरेशन झाल्यावर, काका एक दिवस कॉम्प्युटरपुढं बसले. ऑपरेशनच्या आधीच्या सीझनचे सगळे फोटो एकेक करून उघडले. मूळचे आणि मी शार्पन केलेले, दोन्ही. दुपार गेली. मी मागं उभा होतो.

"इतके खराब काढले होते व्हय मी?"

"थोडेसे, काका."

"आन तू रोज नीट करून ठेवत होतास."

"व्हय."

ते पडद्याकडेच बघत म्हणाले, "पहिल्याच दिवशी बोलला असतास, तर मामांच्या बायकोचा लग्नातला फोटो तरी नीट आला असता."

ते रागानं बोलले नव्हते, म्हणून जास्त लागलं. दोन कॅमेऱ्यांची तुलना मी दोन दिवसांत केली. एक वाक्य बोलायला मला अख्खा सीझन लागला. आता कुणी कॅमेरा खराब झाला म्हणून दुकानात आलं, की मी आधी कॅमेरा हातात घेत नाही. फोटो कुणी काढला ते विचारतो आणि त्या माणसाला भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लावतो. एकेका डोळ्यानं.