होडीवरचा पिवळा दिवा

आत्या आजोबांचीच होडी चालवायची. खाऱ्या पाण्यानं होडीवरचे दिवे सारखे दगा द्यायचे, म्हणून तिनं एलईडी घ्यायचं ठरवलं.

"हा वॉटरप्रूफ आहे, डोळे झाकून घ्या," दुकानदार म्हणाला.

"उघडे ठेवूनच घेते," आत्या म्हणाली. तिनं तीन वेगवेगळे दिवे आणले आणि बॅटरीला जोडून मिठाच्या पाण्याच्या बादलीत आठवडाभर पेटते ठेवले. दोन दिव्यांच्या काचेत पाणी शिरलं, तिसरा ठणठणीत राहिला. तसलेच आणखी आणायला ती परत दुकानात गेली.

"पांढरा न्या, उजेड जास्त पडतो."

आत्या जरा घुटमळली. लहानपणी आजोबांच्या कंदिलाचा पिवळा ठिपका पाण्यावर दिसला की आजी आधण ठेवायची, आणि आत्या न् माझे वडील धक्क्याकडे धूम ठोकायचे.

"पिवळाच द्या," ती म्हणाली.

नवे दिवे लावून ती पहिल्यांदा परतली, तेव्हा वडील धक्क्यावर उभे होते. साठी उलटलेला माणूस, पण धावतच पुढे आला. "ताई, क्षणभर वाटलं, आपले बाबाच आले."

"मग दोर धर की," आत्या म्हणाली. "त्यांना असंच ताटकळत ठेवणार आहेस का?"