दर्याकडे दोन पावलं

पन्नाशी उलटल्यावर आग्नेल डिसोझाने पतंग हातात धरला, तेव्हा अख्ख्या वाड्याने त्याला वेड्यात काढलं. वाड्याचंही काही चुकलं नाही. तीस वर्षं मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढलेला हा गडी. वाळूवर उभं राहून, पंचवीस माणसांच्या रांगेत, समुद्रात टाकलेलं लांबलचक जाळं दोराने बाहेर खेचायचं, हा त्याचा धंदा. हाताला इतके घट्टे की चहाचा पेला कितीही कढत असो, खुशाल तळहातात धरायचा. असा माणूस सकाळी सकाळी रंगीत कापड घेऊन वाळूत नाचायला लागला तर लोक हसणारच.

पतंग मात्र साधा नव्हता. आग्नेलच्या बायकोचा, जेसिंताचा, धाकटा भाऊ सेलेस्तीन बोटीवर नोकरीला होता. शहाऐंशीच्या नाताळला रजेवर आला तो इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदरातून हे प्रकरण घेऊन. दोन लांब दोऱ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक मूठ. उजवी ओढली की पतंग उजवीकडे, डावी ओढली की डावीकडे, आणि एकच धरून ठेवली तर आभाळात गरगर फिरणार.

पहिल्या दिवशी सेलेस्तीनने गंमत म्हणून दोन्ही मुठी मेव्हण्याच्या हातात दिल्या. वाऱ्याने कापड भरलं, दोऱ्या ताणल्या आणि आग्नेलचे खांदे पुढे खेचले गेले. त्याचा चेहरा पाहून जेसिंता हसायची थांबली. खोल पाण्यातली मासळी आधीच उपसून नेणारे ट्रॉलर आल्यापासून तीन वर्षं रापणीचा दोर हलकाच यायचा. ओढायला पंचवीस जण आणि जाळ्यात चार टोपल्या. आपल्या अंगात जोर आहे हेच आग्नेल विसरत चालला होता. आता त्याला तो पतंग हवा होता, आणि लहान पोराला हवा असतो तितका हवा होता. हे सांगायची मात्र त्याला लाज वाटायची.

सेलेस्तीनच्या ते लक्षात आलं, पण तोही बायकोचा भाऊ, सुखासुखी देईल कसा?

"कुन्याद," तो मेव्हण्याला म्हणाला, "उभो उतरयलंस तर पतंग तुझो. नाय तर माझ्या पेटयेत बसान बोटीर जातलो."

उभा उतरवायचा म्हणजे असं: पतंग नाक खाली करून सरळ वाळूवर सोडायचा, माणसाच्या उंचीवर आला की एक हात झटकन ओढून त्याचं तोंड वर वळवायचं, आणि त्याच क्षणी दोन पावलं पुढे जाऊन दोऱ्या ढिल्या सोडायच्या. मग तो खालच्या दोन टोकांवर अलगद टेकतो. वर्तुळं, आठाचा आकडा, पाण्यालगतची सरळ धाव, हे सगळं आग्नेलने दहा दिवसांत उचललं. उतरवणं काही जमेना. पतंग खाली झेपावला की सेलेस्तीन ओरडायचा, "सोड! फुडे जा!" आणि आग्नेलचं अंग आपोआप मागे रेलायचं, टाचा वाळूत रुतायच्या, हात छातीशी यायचे. जितका तो ओढी तितक्या जोराने पतंग आपटे. पतंगाच्या सांगाड्यातली काठी दोनदा मोडली, दोनदा बदलली. आता पतंगात होती ती शेवटची.

दोष त्याचा नव्हता. त्याला तसं घडवलं होतं बाबलीने. बाबली त्यांच्या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, सत्तरीचा, तोंडाने फटकळ. त्याच्या रापणीवर एक नियम होता. दोर ओढत मागे मागे जायचं, वर पोचलं की दोर सोडायचा, मगच खाली पाण्याकडे जायचं. दोर हातात असताना दर्याकडे एक पाऊल टाकलं तरी तो सगळ्यांदेखत आईबाप काढायचा. एक जण पुढे सरकला की दोर ढिला पडतो आणि मासळी जाळ्याखालून निघून जाते. तीस वर्षं आग्नेलने तो नियम मोडला नव्हता.

तीन राजांच्या फेस्ताचा, म्हणजे सहा जानेवारीच्या सणाचा, दिवस उजाडला. दुपारच्या एस्टीने सेलेस्तीन निघणार होता. सकाळी ओहोटी होती, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत होता, आणि रापण टाकायला होडी गेलेली असल्यामुळे बाबली आणि बाकीचे गडी रिकामे बसून बघत होते. आग्नेलला हे मुळीच नको होतं.

पहिल्या खेपेला त्याचा धीर झाला नाही. पतंग अर्ध्यावरून वर घेतला. गड्यांनी शिट्ट्या मारल्या.

दुसऱ्या खेपेला पतंग खाली आला, वळला, आणि आग्नेलने ओढलंच. पतंग कुशीवर आदळला. सेलेस्तीन धावत गेला, काठी चाचपली. वाकली होती, तुटली नव्हती.

ऊन चढलं तसा वारा कमी होत चालला. "वारो पडता," जेसिंता म्हणाली. "काय ता एकदा करून टाका."

आग्नेलने पतंग थेट डोक्यावर नेला. घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. त्याने उजवी मूठ ओढली. पतंग फिरला, नाक खाली झालं, दोऱ्या सूं सूं वाजू लागल्या. टाचा रुतायला लागल्या हे त्याला कळलं. मागे बाबली बसलाय, हेही कळत होतं. त्याने डावा हात झटकला. पतंगाचं तोंड वर झालं. आणि आग्नेलने दात ओठांत रोवून, सगळ्यांदेखत, दोऱ्या हातात असताना, दर्याकडे एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

दोऱ्या सैल पडल्या. पतंग क्षणभर हवेत थांबला आणि ओल्या वाळूवर दोन टोकांवर उभा राहिला.

कोणी शिट्टी मारली नाही. सेलेस्तीनने खिशातून पतंगाची पिशवी काढून गुपचूप जेसिंताच्या हातात दिली. तेवढ्यात बाबली उठून आग्नेलसमोर येऊन उभा राहिला. आता शिव्या बसणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

"फुडे गेलंस?"

"गेलंय, काका."

"आणि सुटलो नाय?"

"नाय."

बाबलीने त्या उभ्या पतंगाकडे पाहिलं. मग त्याने दोन्ही हात पुढे केले. "माका दी."

जेसिंताने भावाकडे पाहिलं, भावाने मान फिरवली. म्हातारा काय करणार हे आग्नेलइतकं कोणाला ठाऊक असणार? पतंग वर जाईल, खाली झेपावेल आणि तो मागे रेलून ओढेल. काठी शेवटची होती, आणि पतंग आग्नेलचा होऊन अजून एक घटकाही झाली नव्हती.

मोडली तर मोडली, असं मनाशी म्हणत आग्नेलने दोन्ही मुठी बाबलीच्या हातात दिल्या आणि रापणीवर उभा राहायचा तसा त्याच्या पाठीमागे उभा राहिला.

"वढ, काका," तो म्हणाला.