सहाचा फोन

आमच्या भोकरच्या घरी एक रीत होती. सकाळी उठल्यावर रात्रीचं स्वप्न आधी आईला सांगायचं, मग चहा. आई गॅससमोर पाठमोरी उभी असायची आणि आम्ही भावंडं एकमेकांना ढकलत सांगायचो. ती फार बोलायची नाही. वाईट स्वप्न असलं तर "सांगितलंस नं? गेलं मग" म्हणायची आणि कपात चहा ओतायची. लग्न होऊन मी लातूरला आले, शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवू लागले, तरी रीत चालूच राहिली. रोज सकाळी सहाला तिचा फोन. "काय दिसलं गं?"

ही रीत मी मोडली. तीही मोबाईलवरच्या एका व्हिडिओपायी.

बाबा गेले तेव्हा मी वेळेवर पोचले नव्हते. नंतर दोन वर्षं ते स्वप्नात येत राहिले, पण मी मठ्ठासारखी त्यांच्याशी भाजीच्या भावावर बोलत बसायचे आणि जाग आल्यावर कळायचं, अगं, हे तर गेलेले. त्या व्हिडिओत सांगितलं होतं की स्वप्न चालू असतानाच ते ओळखायला शिकता येतं, फक्त रोजचा नेम हवा. नेम म्हटला की माझ्यातली बाई खडू घेऊन उभीच राहते. दिवसातून दहा वेळा तळहात बघायचा आणि विचारायचं, मी जागी आहे का? स्वप्नात म्हणे बोटं कमीजास्त दिसतात. पहाटे पाचला गजर लावून उठायचं, पुन्हा आडवं व्हायचं आणि 'आता स्वप्न पडेल तेव्हा मला कळेल' हे एकच वाक्य घोळवायचं. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे जाग आल्यावर कुणाशी बोलायचं नाही. आधी वही. बोललं की स्वप्न पुसतं.

आईला मी म्हटलं, "सकाळी माझी गडबड असते. दुपारी मीच करत जाईन फोन."

"बरं माय. तुझी झोप कशाला मोडू."

वही कशासाठी, हे मी तिला सांगितलं नाही. दुपारचे फोन मी शिकवणीच्या दोन तासांच्या मधे, घाईघाईत करायचे. एकदा ती म्हणाली, "चहा ओताया गेलं की कपाच्या बाहीरच सांडून राहिलाय. दाराची चौकटबी खांद्याला लागती." मी तेव्हा तळहात बघत होते. पाच बोटं. जागी आहे. "घाई करतेस तू," म्हणून मी विषय संपवला. आदल्याच तासाला मी फळ्यावर डोळ्याची आकृती काढून दृष्टिपटलावर अर्धा तास बोलले होते. लाज वाटते लिहायला.

तिसऱ्या महिन्यात जमलं. नांदेडचं बसस्टँड होतं आणि बाबा मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसले होते. मी हात बघितला. सहा बोटं! इतका आनंद झाला की मी धावतच त्यांच्यापुढे गेले. 'बाबा, मी पोचले नाही, माफ करा,' एवढंच म्हणायचं होतं. त्याआधी तेच म्हणाले, "तुझी माय कशी हाय?"

मला खरंच माहीत नव्हतं.

जाग आली तेव्हा सहा वाजायला आले होते. फोन उशाशीच होता. मी आधी वही लिहिली. चार पानं.

त्याच दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. आई सकाळी उंबऱ्याजवळची पायरी न दिसल्यानं पडली होती. हाड मोडलं नव्हतं, पण मी तिला नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. डावा डोळा जवळपास गेलेला, उजव्यासाठी आयुष्यभर थेंब. "गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर बरीच वाचली असती. यांनी कुणाला सांगितलं नव्हतं का?"

मी खाली बघितलं. आई म्हणाली, "न्हाई. मी कुणाला बोललेच न्हाई."

आता ती लातूरला माझ्याकडेच असते. सकाळी सहाला मी तिच्या डोळ्यांत थेंब घालते, मग चहा ओतते. परवा तिला वही सापडली. "वाच की," म्हणाली. मी पहिल्या पानापासून वाचली. बाबा, बसस्टँड, परीक्षेचे हॉल, जुनी शाळा, सगळं. ती मान डोलवत ऐकत होती. चहा गार झाला.

"लई छान लिवलंस," ती म्हणाली. "मी कुठंच न्हाई का गं ह्यात?"

सवयीनं माझी नजर तळहाताकडे गेली. बोटं पाचच होती.