हाताला गुण

धारूरच्या घाटाखाली आमच्या वस्तीवर सटवाला ख्रिस्ती कुणी म्हणायचं न्हाई, मेंढरंवालाच म्हणायचे. येशूचं नाव धरलं तरी खांद्यावरची घोंगडी त्यानं सोडली नव्हती. ऐतवारी त्याच्या पत्र्याखाली पाच-सात माणसं बसायची. बायको कडूबाई बायबलातलं वाचायची, सटवा प्रार्थना करायचा.

कुणाचं लेकरू तापलं की त्याला बोलावणं यायचं. तो डोक्यावर हात ठेवायचा, देवाला हाक मारायचा अन् दवाखान्यात न्या म्हणून मागं लागायचा. लेकरं बरी व्हायची. मग लोक म्हणायला लागले, सटवाच्या हाताला गुण हाय. तो चिडायचा. माझ्या हाताला मेंढराचा वास हाय, गुण देवाचा, असं तोंडावर सांगायचा. लोक हसायचे अन् पुढच्या घरी जाऊन पुन्हा तेच बोलायचे.

कडूबाईला ह्याचंच लई भ्या. आज गुण म्हणतात, उद्या एखादं दगावलं की त्याच हाताला दोष देतील, असं तिचं म्हणणं.

अशात अर्जुनरावाची सून बाळंतपणात अडली. अर्जुनराव इथला पुढारी; त्यानं सांगितल्याबिगर पाण्याचा टँकरसुदिक वळत न्हाई. सटवानं प्रार्थना केली अन् अर्जुनरावाची जीप अंबाजोगाईच्या दवाखान्याकडं पिटाळायला लावली. बाई अन् लेकरू सुखरूप घरी आलं.

पुढं एका ऐतवारी, प्रार्थना चालू असतानाच, ती जीप सटवाच्या दारात आली. अर्जुनराव शाल, नारळ अन् झेंडूचा हार घेऊन उतरला. मागं त्याची माणसं मोबाईल धरून. पत्र्यापुढं ओटा बांधून देतो म्हणाला. सटवानं त्यावर बसून लोकांच्या डोक्यावर हात ठेवायचा, अन् धारूरपासून केजपर्यंत दोघांच्या फोटोचे बोर्ड लागतील. बोलता बोलता त्यानं हार गळ्यात घातला.

सटवानं तो काढून खाटेवर ठेवला.

"मालक, सून डाक्टरनं सोडवली, देवानं राखली. मी मधी कुठंच न्हाई. हार घेतला तर चोरी व्हईल."

"मी दिलेला हार चोरीचा का म्हून, रं?"

"ज्याचा हाय त्याला सोडून मला दिला म्हणून."

तेवढ्यात दारातला सटवाचा घंटीवाला एडका खाटेशी आला अन् झेंडू खायला लागला. मागं एकाला हसू फुटलं. अर्जुनरावानं मान वळवली तसं ते जागीच जिरलं.

"एडका चांगला हाय," एवढं बोलून अर्जुनराव जीपमधी बसला.

त्या हप्त्यात टँकर सटवाकडं वळला न्हाई. एडका चरायला गेलता, तो परत आला न्हाई. त्याच्या गळ्यातली घंटी तेवढी सकाळी दाराच्या कडीला बांधलेली सापडली.

ऐतवारी पत्र्याखाली नवरा-बायको दोघंच. कडूबाईनं पुस्तक उघडलं अन् तसंच मांडीवर ठेवलं.

"जावा, घालून घ्या एक हार. देवाचं काय उणं व्हतंय?"

"देवाचं न्हाई व्हणार," सटवा म्हणाला. "माझं व्हईल."

घाटाकडनं जीपचा आवाज यायला लागला. सटवानं डोळे मिटले अन् सगळ्यात आधी अर्जुनरावाच्या नातवासाठी मागणं मागितलं. जीप दारात येऊन थांबली. इंजिन कुणी बंद केलं न्हाई, अन् सटवानंबी मागणं अर्ध्यात सोडलं न्हाई.