किकवीला गाडी थांबली न्हाई

हे मी आजवर कुणापाशी बोलले न्हाई. लेकीपाशी न्हाई, पाठच्या बहिणीपाशीबी न्हाई. तुमच्यापाशी का बोलते — ते नका विचारू.

आमच्या ह्यांनी जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं न्हाई. तो माणूस एक दिवस मोरीत बसून स्वतःची विजार धुताना दिसला. मला बघून दचकला. म्हणाला, चिखल लागला. भर उन्हाळ्यात — चिखल कुठला?

तवापासून माझी नजर फिरली. हे जेवताना मधीच उठायचे. भजनातनं गुपचूप निसटायचे. विचारलं की खेकसायचे. त्यात शेजारीण सांगत आली — तुमचे मालक भोरला जाता-येता किकवीला उतरतात, त्या चहाच्या हाटेलामागं जातात. हाटेल एक एकटी बाई चालवायची. झालं! विजारीचं कोडं म्या माझ्या मनानं सोडवून टाकलं. साठी उलटलेल्या नवऱ्यावर असा संशय घेताना लाज वाटली का? न्हाई. उलट — खरं सांगते — आपण किती हुशार, असं वाटलं.

मग भाचीचं लग्न आलं, वरव्याला. जीप पाव्हण्यांनी भरलेली, पुतण्या चालवत होता. ह्यांना म्या मुद्दाम मधी बसवलं. किकवी जवळ आली तसे हे म्हणाले, "जरा थांबव रं."

"थांबू नगंस," मी म्हणाले. "ह्यांना किकवीच्या चहाची तलफ आलीया!"

सगळे हसले. ह्यांनी माझा हात धरला, कानाशी आले — "अगं, लई जोराची लागलीया. धरवत न्हाई."

हे म्या ऐकलं. नीट ऐकलं. आन् तरी — बहाणा हाय, असं म्हणून तोंड फिरवलं. ह्यांनी हात सोडला.

मांडवात पोचल्यावर हे संडासात गेले ते बराच वेळ आलेच न्हाईत. आले तवा अंगाला दरदरून घाम. लघवी होतच नव्हती. ओटीपोट फुगून दगडासारखं झालेलं. अक्षता राहिल्या बाजूला, दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नळी घातली, पिशवी भरत गेली, तवा कुठं ह्यांचं कण्हणं थांबलं.

डॉक्टरांनी समजावलं — मूत्रपिंडं रक्त गाळून लघवी तयार करतात, ती मूत्राशयात साठते. त्याच्या तोंडाशी पुरुषांना एक ग्रंथी असते, उतारवयात ती वाढते आणि वाट आवळते. मग सारखी लागते, पुरती होत नाही, कपड्यात थेंब गळतात. लागलेली दाबून धरून ठेवली, तर एखाद्या वेळी वाट पुरती बंद होते.

"आज बराच वेळ धरून ठेवली होती का?" त्यांनी मलाच विचारलं.

"आमाला काय ठावं? हे काई बोललेच न्हाईत," मी म्हणाले.

हे खाटेवर जागे होते. माझ्याकडं बघितलं, आन् डोळे मिटले.

पुढं ऑपरेशन झालं, हे बरे झाले. त्या हाटेलामागं संडास हुता — येवढंच. त्या बाईचं नावबी ह्यांना ठाऊक नव्हतं.

आता हे ओट्यावर बसून गावातल्या म्हाताऱ्यांना सांगतात, "लाजू नका, येळेवर दाखवा. माझंच चुकलं बगा. म्या हिला सुदीक सांगितलं न्हाई."

मी तिथंच असते, चहाचे कप गोळा करत. एकदाबी म्हणाले न्हाई — सांगितलं हुतं तुमी.