जाळ्याचा उपास

मोठमोठ्या सभांमध्ये मला यश, तंत्रज्ञान आणि समाजसुधारणा यांवर बोलायला लावतात. यशाचं गमक विचारलं की मी सांगते, दोरी. लोक हसतात आणि मी चिडते. खरंच दोरी, बाबा!

मी वरोऱ्याची, कापसाच्या मुलखातली. लग्न होऊन जंगलातल्या गावात आले, तेव्हा मोह नुसता ऐकून ठाऊक होता. इथे मोह फुलला की बायका टोपल्या घेऊन झाडाखाली. आधी पालापाचोळा जाळायचा, मग सकाळभर वाकून एकेक फूल वेचायचं. सासूबाईंची कंबर त्यातच गेली. संध्याकाळी भिंतीला पाठ टेकून बसायच्या आणि विचारलं की म्हणायच्या, "मले काई होत नाई." त्या 'काई नाई'चा मला भयंकर राग यायचा.

म्हणून जवळच्या आरमोरीत चार शिवणयंत्रं मांडून मी जाळी शिवायला घेतली. झाडाखाली उंचावर बांधायची. फुलं आपसूक जाळ्यात, आग नको, वाकणं नको. पहिलं जाळं अर्थातच सासूबाईंच्या झाडाखाली. मी स्वतः तारेनं असं आवळलं, की हत्ती आला तरी सुटू नये.

सकाळी जाळं फुलांनी भरलेलं. मी टाळ्या पिटतेय, आणि सासूबाई कपाळाला हात लावून उभ्या.

"पोरी, पूजा नाई झाली न अजून!"

नव्या मोहाची पूजा झाल्याशिवाय इथे कोणी फूल उचलत नाही. सगळ्यांना हे जन्मापासून ठाऊक, म्हणून मला सांगायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

गाव झाडाखाली जमलं. कोणी म्हणे, "हातानं वेचलंच नाई, तं दोष कायचा?" कोणी म्हणे, "पण जाळं कोणाचं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. गावचे पुजारी जाळ्याभोवती फिरून बघत होते. त्यांनी नाही म्हटलं असतं तर आसपासच्या गावांतही एका बाईनं जाळ्याला हात लावला नसता, आणि सासूबाई पुन्हा वाकल्या असत्या.

"पूजेपर्यंत जाळं खाली तं घ्या," एक बाई म्हणाली. पण तार सुटेल तर ना! सगळ्यांनी पकड चालवून पाहिली. शेवटी पुजारीच घाम पुसत म्हणाले, "एवढं काऊन आवळलं वं? मोह का पळून जाऊन राह्यला?"

असा हशा पिकला की विचारू नका. मग त्यांनीच निकाल दिला. फुलं झाडाच्या बुडाशी देवाला वाहायची. "अन् आमच्यासंगं जाळ्यानंही उपास धराव. पूजा झाली का खोला."

त्याच आठवड्यात मी तार कापून दोरी ओवली. सोडली की जाळं पसरतं, ओढली की गुंडाळलं जातं. शिवाय ओढताना फुलं आपोआप मधोमध गोळा होतात, हा फायदा नंतर कळला. आता पार दूर मुलचेऱ्यापर्यंत आमची जाळी जातात, सगळी दोरीवाली.

त्या वर्षी पूजेत पुजाऱ्यांनी जाळ्यालाही कुंकू लावलं. दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी ताठ उभं राहून दोरी ओढली, टोपली भरली आणि सहज बोलून गेल्या, "लय दुखे वं कंबर, इतके वर्सं."

इतकी वर्षं खोटं बोलल्या म्हणून भांडायला मी तोंड उघडलं, आणि मला रडूच फुटलं.

"आता कायले रडून राह्यली?" त्या म्हणाल्या. "धर, वढ दोरी."