भुरीचा पान्हा

डोणगावात सकाळी दूध काढायच्या वेळेला इंद्रभानच्या गुरांच्या कोठ्यावरून जायचं बाया टाळू लागल्या, आणि त्याला कारणही तसंच होतं. कोठ्यात म्हैस होती, भुरी नावाची, आणि आतून बाईचा आवाज यायचा, "ये वो माय, दे वो माय, सोड." आवाज सत्यभामाबाईचा. सत्यभामाबाई श्रावणात वारली होती. तिची तेरवी जेवलेल्या बायाच आता डोक्यावरच्या हंड्यासकट रस्ता बदलत होत्या.

आवाज कोण काढतं हे गावाला माहीत नव्हतं असं नाही. आत तिचा नवरा इंद्रभान असायचा, तिचंच लुगडं नेसून. पण माहीत असणं वेगळं आणि कानावर येणं वेगळं. माहीत आहे म्हणून अंगावरचा काटा काही खाली बसत नाही.

आता हा इंद्रभान कोण, ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याला येडपट समजून मोकळे व्हाल. बसस्टँडच्या मागं त्याची पिठाची चक्की. उभा जन्म पट्ट्याच्या खडखडाटात गेल्यानं बोलणं असं, की चहा मागितला तरी भांडण वाटावं. भुवयांवर कायम पीठ. कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण गोड बोलायचंही नाव नाही. घरातली म्हैस ती बायकोची. त्यानं कधी शेणाला हात लावला नाही की वैरणीची पेंढी टाकली नाही. भुरी त्याच्या आवाजालाच बिचकायची. तो दारात नुसता खाकरला तरी तिचं दूध वर चढायचं, आणि सत्यभामाबाई आतून म्हणायची, अजी, तुमी तिकडेच बरे. असा त्यांचा संसार. वाईट नव्हता, पण दोघांनी एकमेकांना जवळून पाहिलं होतं असंही नाही.

ती गेली तीही कोठ्यातच. दूध काढता काढता भुरीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि तशीच राहिली. चहाला दूध अजून का येईना म्हणून सून अपेक्षा पाहायला गेली, तर बकेट अर्धी भरलेली, सासूचे हात सडावरून सुटलेले, आणि भुरी चारी पाय रोवून उभी. शेपूटसुद्धा हलवत नव्हती. माणसं धावली, बाईला उचललं, तेव्हा कुठं तिनं पाय हलवला.

त्या दिवसापासून भुरीनं दूध ओढून धरलं. कास भरलेली, टणक, आणि थेंब नाही. अपेक्षा बसली, तिला लाथ. मुलगा सागर बसला, त्याला लाथ. पोटच्या वगारीलाही ती जवळ घेईना. ते बिचारं पारडू शेजाऱ्यांच्या म्हशीच्या दुधावर, बाटलीनं जगलं. भुरीनं खाणं अर्ध्यावर आणलं. दिवसभर तोंड कोठ्याच्या दाराकडं. सकाळी ठरल्या वेळेला मात्र कान पुढं करून उभी राहायची, कोणाची तरी चाहूल लागल्यागत. दारात कोणी नसायचं.

मेहकरहून जनावरांची डॉक्टरीण आली. पोरगी तरुण, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. ती म्हणाली, दूध आहे, आतच आहे, उतरत नाही एवढंच. पारडू ढुसलं, ओळखीचा हात लागला, की जनावराच्या मेंदूतून एक रस रक्तात सुटतो आणि कासेला सांगतो, सोड. त्यालाच हार्मोन म्हणतात. पण भीती बसली, मोठा धक्का बसला, तर दुसरेच रस सुटतात आणि पहिल्याची वाट अडवतात. ही लबाडी नाही, तिच्या हातातच नाही ते. असंच चाललं तर ती माजावरही यायची नाही, कारण जिवावर ताण असला की शरीर नवा जीव धरायला राजी नसतं. सागरनं इंजेक्शनचं विचारलं. ती म्हणाली, एखाद्या वेळेला देईन, रोजचं मागू नका. भीती गेली पाहिजे, खरं औषध तेच.

आता भीती काय गोळी देऊन जाते? सागर म्हणाला, बाजार दाखवू तिला.

उपाय सांगितला अब्दुल गनीनं. म्हशींचा म्हातारा व्यापारी, भुरी त्याच्याच हातून या घरात आलेली. बराच वेळ तो लांबून नुसता पाहत राहिला. मग विचारलं, भाभीचं काही ठेवलं आहे का? ठेवलं काय असणार? तेरवीला सगळी लुगडी वाटून टाकलेली. फक्त कोठ्यातल्या खुंटीवर दूध काढायचं जुनं हिरवं लुगडं लटकत होतं. शेणाच्या डागांचं ते चिंधूक कोणी कपड्यात धरलंच नव्हतं.

"हे नेस," गनी म्हणाला. "जनावर नाकानं ओळखते, इंदरभान. अन् तोंड बंद ठेव. तुह्या चक्कीचा आवाज तिले ऐकू देऊ नोको."

हसा आता. गावही हसलं. साठी उलटलेला मिशाळ बाप्या सुनेला विचारतोय, लुगडं कसं नेसतात! अपेक्षानं मान खाली घालून निऱ्या धरून दिल्या. दोनदा सुटल्या. शेवटी कसंबसं ते अंगाला बसलं आणि इंद्रभान बकेट घेऊन आत गेला.

भुरीनं मान वळवली. पदराला नाक लावून लांब श्वास घेतला. मग तिच्या गळ्यातून एक बारीक हुंकार निघाला, म्हैस फक्त पारडाला घालते तसला. इंद्रभाननं कासेला कोमट पाणी लावलं, सडाला बोटं टेकवली, आणि धार सुटून बकेटीत वाजली. भुरी मात्र त्याच्याकडं पाहत नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून मागं दाराकडं पाहत होती, आणि तिचा एक कान हळूहळू फिरत होता, कोणी दारातून चालत आत येत असावं त्या बेतानं. मागं वळून पाहायची इंद्रभानची छाती झाली नाही.

रोज असंच होऊ लागलं. आणि एका सकाळी गप्प बसलेल्या इंद्रभानच्या तोंडून शब्द निघाले, ये वो माय, दे वो माय. आवाज बारीक, जरा नाकातला. अंगणात सडा टाकणाऱ्या अपेक्षाच्या हातातून बादली सुटली. शब्द सासूचे होते, एकूण एक. पण मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, ते कुठून ठाऊक? ते तर त्या वेळेला अंथरुणात घोरत असायचे. तिनं भीत भीत विचारलंच. इंद्रभान म्हणाला, मले काय माहीत, आले तोंडातून. कोठ्याची आणि त्याच्या खोलीची भिंत एकच होती, आणि झोपेतही माणसाचे कान उघडेच असतात, असं आपण म्हणू शकतो. म्हणावं आणि बरं वाटून घ्यावं.

पण शब्द तेवढ्यावर थांबले नाहीत. भुरे, आज पाय लय दुखून राह्यले. भुरे, सून गुणाची आहे, तिले बोलू नाई. आणि मग एकदा, त्याच बारीक आवाजात, त्याच्याच तोंडून:

"हा मानूस माह्याशी दोन शब्द बोलत नाई वो. तुह्याबिगर कोनाले सांगू?"

इंद्रभानचा हात सडावरच थांबला. धार मात्र थांबली नाही, पिळल्याशिवाय गळत राहिली. तो घामानं भिजून बाहेर आला आणि त्या दिवशी चक्कीवर गेलाच नाही. त्याला भीती वाटत होती, खरी भीती. आणि तरी दुसरी सकाळ लवकर व्हावीशी वाटत होती, कारण जन्मभर जे विचारलं नाही ते आता कुठं कळायला लागलं होतं. लुगडं तो उशाशी घेऊन झोपायचा. धुवायला काढू द्यायचा नाही.

इकडं अपेक्षाला पाचवा महिना. तिची झोप उडाली, घास उतरेना. एके दिवशी उजाडता उजाडता चुलीपाशी बसलेली असताना दारावरून हिरवा पदर गेला आणि सासूला ओ द्यायच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "हाव, आत्याबाई." पदराखालचं डोकं होकारानं हललं आणि पुढं निघून गेलं. अपेक्षा किती तरी वेळ जागची उठली नाही. मग सागरला म्हणाली, मले माहेरी नेऊन घाला.

तिला माहेरी न्यायच्या आधी सागर बापापुढं उभा राहिला. म्हशीले ताण नाई पाह्यजे, अन् माह्या बायकोले चालते का, असं त्यानं तोंडावर विचारलं. लुगडं सोडा, नाहीतर बाजाराच्या दिवशी भुरी गेलीच समजा. इंद्रभान पाटीतल्या सरकीच्या ढेपेत हात फिरवत राहिला.

"इकाची नाई," तो म्हणाला. "तुमचं सगळ्यायचं आपापलं सुरू झालं. या घरात तिची वाट पाहनारं हे एकच जनावर उरलं. ते वाट पाहते तोवर ती पुरती गेली नाई."

सागर निघून गेला.

थंडी पडली आणि भुरी माजावर आली. गनी येऊन तिला फळवायला हेल्याकडं, रेड्याकडं, घेऊन गेला. डॉक्टरीण फोनवर खूश होती, ताण उतरला म्हणाली, आता काळजी नाही. सागरनं पेढे आणले. इंद्रभाननं पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. रात्रीचं जेवणही केलं नाही त्यानं.

दुसऱ्या सकाळी उशाशी लुगडं नव्हतं. अंगणात दोरीवर ते टपटपत होतं, साबणाच्या वासाचं.

मग जो आवाज फुटला! घरानं तो कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. पत्रे हादरले. अपेक्षा भिंतीला टेकून उभी होती, पण पळाली नाही.

"मीच धुतलं, मामाजी. मले भेव लागते."

सागर तिच्यापुढं येऊन उभा राहिला. इंद्रभान पायजमा-बनियनवरच होता. त्यानं बकेट उचलली आणि म्हणाला, "या. दोघंबी या. पाहा, आज थेंब तरी देते का ते." त्याला मनापासून हवं होतं, की भुरीनं लाथ घालावी. बकेट उडावी, दूध वर चढावं, आणि पोरांच्या डोळ्यांदेखत कळावं, की ही म्हैस कोणासाठी थांबली आहे.

तो धाडकन बसला. कासेला पाणीही लावलं नाही. मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, घाल लाथ, घाल.

भुरीनं मान वळवली. त्याच्या उघड्या खांद्याला नाक लावलं. तिथं पीठ, तंबाखू आणि घाम, दुसरं काही नव्हतं. तिच्या गळ्यातून तोच हुंकार निघाला, आणि त्याचा हात पोचायच्या आधीच सडातून दूध गळू लागलं. ती दाराकडं पाहत नव्हती. दारात सागर आणि अपेक्षा उभी होती, त्यांच्याकडंही नाही. ती इंद्रभानकडं पाहत होती.

हातांना सवय झाली होती, त्यांनी आपलं काम केलं. बकेट फेसानं भरली. इंद्रभानचे ओठ हलले. ये वो माय, त्यानं म्हणून पाहिलं, पुन्हा म्हणून पाहिलं, आणि दोन्ही वेळेला त्याचाच घोगरा, फाटका आवाज बाहेर आला. मग तो ओल्या जमिनीवरच बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला. श्रावणात तो रडला नव्हता.

अपेक्षानं पुढं होऊन बकेट बाजूला घेतली. सागर खाली बसला, बापाचा हात धरायला गेला. इंद्रभाननं वर पाहिलं आणि नुकतंच कळल्यासारखं त्याला सांगितलं,

"सागर, तुही माय गेली रे."